कृषी केंद्रवाल्यांचा तालुका ग्रुप: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपल्या तालुका कृषी केंद्र संघटनेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सात हंगामांपासून सांभाळतो आहे. मे महिना लागला की तेच ते प्रश्न पर्सनलवर यायला लागतात, अन् आता बाजूच्या तालुक्यातले भाऊही विचारतात की तुमच्याकडे हे कसं चालते, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. वाचताना एवढंच डोक्यात ठेवा की आपल्या ग्रुपवर सकाळी पडलेला मेसेज दुपारपर्यंत काउंटरवर बोलला जातो अन् दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वावरात पोचलेला असतो. खालचे सगळे नियम त्याच्यासाठीच आहेत.

१. ग्रुपमध्ये यायचं आहे, काय काय लागते?

बियाणे, खत किंवा कीटकनाशक यांपैकी एक तरी लायसन्स चालू पाहिजे, संघटनेची यंदाची पावती पाहिजे, अन् दुकानाच्या बोर्डचा एक फोटो पाठवा. ग्रुपची लिंक आम्ही कोणालाच देत नाही. लिंक एकदा बाहेर गेली की कोण आत येईल सांगता येत नाही (प्रश्न १४ वाचा म्हणजे कळेल). अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय कोणी जॉइन होणार नाही ही सेटिंग चालू आहे, त्यामुळे रिक्वेस्ट टाकल्यावर एखाद दिवस लागला तर राग धरू नका, आम्ही फोन करून खात्री करतो.

२. लायसन्स मुलाच्या नावावर आहे पण दुकानात मीच बसतो, मग नंबर कोणाचा टाकायचा?

दोघांचाही टाका. कीटकनाशक विक्रीसाठी शिक्षणाची अट आली तेव्हापासून कितीतरी दुकानांत लायसन्स बीएस्सी अ‍ॅग्री झालेल्या पोराच्या नाहीतर सुनेच्या नावावर अन् गल्ल्यावर बाप, असंच आहे. एका दुकानाचे जास्तीत जास्त दोन नंबर, मत मात्र दुकानाला एक. अन् एक विनंती, सुनेच्या नावावर लायसन्स असेल तर तिचा स्वतःचा नंबर द्या, नवऱ्याचा नको. सही तिची, जबाबदारी तिची, तर मेसेजही तिला थेट आला पाहिजे. आपल्या ग्रुपमध्ये आज ज्या ताई आहेत त्यांच्या स्टॉकच्या नोंदी सगळ्यात व्यवस्थित असतात, हे मी दर हंगामात पाहतो.

३. तीन तीन ग्रुप काहून? एकच ठेवला तर नाही जमत का?

आधी एकच होता. जूनमध्ये दिवसाला तीनशे-चारशे मेसेज पडायचे, त्यात कृषी खात्याचं विक्री बंद आदेशाचं पत्र वर निघून जायचं अन् माणूस तो लॉट विकत राहायचा. म्हणून कम्युनिटी केली. 'सूचना' मध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहितात, तिथं परिपत्रकं, आदेश, मीटिंगची तारीख. 'स्टॉक' मध्ये फक्त कोणाजवळ काय आहे अन् कोणाला काय पाहिजे. 'चर्चा' मध्ये बाकी सगळं. चर्चा म्यूट केली तरी चालते, सूचना कोणीही म्यूट करू नका.

सदस्य मर्यादेचं काही जण विचारतात. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात, आपण तालुक्याचे दीडशेही नाही, तो प्रश्न आपल्याला नाही.

४. खताच्या स्टॉकचा मेसेज कसा टाकायचा?

खताचं नाव, किती बॅगा, तारीख अन् वेळ. एवढंच, पण चारही पाहिजे. उदाहरणार्थ: "१४ जून, सकाळी ९, डीएपी ६० बॅग, माझ्याकडे शिल्लक." संपला की तोच मेसेज निवडून रिप्लायमध्ये "संपला" लिहा.

तारखेचा एवढा आग्रह का, ते सांगतो, कारण चूक माझीच होती. एका वर्षी मला दुसऱ्या ग्रुपवरून मेसेज आला की धामणगावला डीएपीची रॅक (मालगाडी) लागली, उद्या माल पोचणार. मी तारीख न पाहता जसाच्या तसा पुढं ढकलला. मेसेज आदल्या वर्षीचा होता. आपल्या सदस्यांनी विश्वासानं गिऱ्हाइकांना सांगितलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्याच दुकानासमोर वीस-पंचवीस माणसं उभी, दोघं तर छोटा हत्ती भाड्यानं करून आलेले. एका म्हाताऱ्या बाबांनी खिशातून पिशवीत गुंडाळलेले पैसे काढून काउंटरवर ठेवले अन् म्हणाले, पहिला नंबर माझा. माझ्याजवळ एक बॅग नव्हती. भाडं मी माझ्या खिशातून दिलं, पण त्यांचा पेरणीचा एक दिवस गेला तो गेला. तेव्हापासून बिनतारखेचा स्टॉक मेसेज मी लगेच डिलीट करतो, कोणाचाही असो, अध्यक्षांचा असला तरी.

५. गुड मॉर्निंग, वाढदिवस, श्रद्धांजली चालते का?

चर्चा ग्रुपवर वाढदिवस अन् श्रद्धांजली चालते. गुड मॉर्निंगचे फोटो नाही, खेड्यात नेटवर्क एका काडीवर असते अन् फोन भरून हँग होतात. रात्री दहा ते सकाळी सहा कोणत्याच ग्रुपवर काही नको, अपवाद फक्त विषबाधेचा (प्रश्न ८).

६. मला टाइप करता येत नाही, व्हॉइस टाकला तर?

टाका की. फक्त अर्ध्या मिनिटाच्या आत, अन् आधी नाव अन् गाव सांगा. स्टॉक ग्रुपवर व्हॉइस नको कारण तो नंतर शोधता येत नाही, तिथं पोराकडून टाइप करून घ्या. किंवा कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, मराठी बऱ्यापैकी लिहून देते, फक्त आकडा एकदा डोळ्यांनी तपासा. ६० चे १६ झालेले मी पाहिले आहेत.

७. शेतकरी पानाचा नाहीतर बोंडाचा फोटो घेऊन येतो, ग्रुपवर टाकून "काय देऊ" असं विचारलं तर चालते का?

विचारा, बिनधास्त विचारा. न विचारता अंदाजानं डबा काढून देण्यापेक्षा दहा वेळा विचारलेलं बरं. पण विचारताना पीक कोणतं, वाण कोणतं, पेरणी कधीची, आधी काय फवारलं अन् त्याला किती दिवस झाले, हे लिहा. पानाचा फोटो असेल तर खालच्या बाजूचाही काढा, मावा-तुडतुडे तिथंच बसतात. बोंडअळीची शंका असेल तर फुलाचा काढा, डोमकळी (अळीमुळं न उमलता कळीसारखं मिटलेलं फूल) झाली असेल तर फोटोतच कळते. बोंड फोडून आतला फोटो आणला तर अजून चांगलं.

आता उत्तर देणाऱ्यांसाठी. किडीची ओळख कोणीही सांगू शकतो, अनुभवी माणसानं सांगावीच. पण औषध सांगताना तीन गोष्टी पाळायच्या. ते औषध त्या पिकावर त्या किडीसाठी लेबलवर छापलेलं पाहिजे. शिफारस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, आपल्या कृषी विज्ञान केंद्राची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची पाहिजे, अन् ती कुठली ते लिहायचं. अन् मात्रा दहा लिटर पाण्याला किती मिली अशीच लिहायची, "दोन झाकण" नाही. झाकण प्रत्येक कंपनीचं वेगळं असते.

आणि कॉकटेल सांगायचं नाही. "याच्यात ते मिसळ, वरून टॉनिक टाक, रिझल्ट पाहा" असा मेसेज दिसला की मी डिलीट करतो अन् टाकणाऱ्याला फोन करतो. २०१७ चा हंगाम ज्यांनी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाहिला त्यांना याच्यावर जास्त सांगायची गरज नाही. फवारणी करता करता विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी अन् शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली, वर फवारा मारला की तोंडावर पडायचा, उकाडा, अंगात साधं बनियन, अन् पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. आपला ग्रुप तेव्हा नव्हता पण दुकान होतं, अन् माझ्या दुकानातून डबा नेलेला एक मजूर आठ दिवस भरती होता. तो वाचला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगितलं असतं त हातमोजे घातले असते ना जी त्यांनी." मी सांगितलं नव्हतं. म्हणून आता औषधाची शिफारस ज्या मेसेजमध्ये आहे त्याच मेसेजमध्ये मास्क, मोजे अन् वाऱ्याच्या दिशेचं वाक्य नसेल तर मी ती शिफारस अर्धवट समजतो.

८. विषबाधा झाल्याचं कळलं तर ग्रुपवर काय टाकायचं?

आधी काहीच टाकू नका, आधी माणूस दवाखान्यात पोचवायला लावा अन् औषधाचा डबा सोबत न्यायला सांगा. डॉक्टरला डब्यावरच्या औषधाचं नाव, त्रिकोणाचा रंग अन् लेबलवरचा उतारा बघायचा असतो. लाल त्रिकोण सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, हा नंबर सूचना ग्रुपवर पिन केलेला असतो.

माणूस पोचला की मग ग्रुपवर टाका: औषधाचं नाव, बॅच नंबर, अन् तुमच्याकडून गेलं असेल तर तसं स्पष्ट. रात्री दोन वाजताही टाका. त्याच बॅचचा माल दुसऱ्या दुकानात असू शकते. रुग्णाचं नाव, गाव, फोटो टाकू नका, व्हिडिओ तर मुळीच नाही.

९. कंपनीचे लोक ग्रुपमध्ये घ्यायचे का?

नाही. दोनदा घेऊन पाहिलं, दोन्ही वेळा चर्चा बंद पडली. कंपनीचा माणूस वाचतो आहे म्हटल्यावर कोण लिहील की फलाण्या वाणाची उगवण कमी आली म्हणून? अन् त्यांच्या स्कीमचे फोटो, परदेश टूरचे टार्गेट, तेच पडत राहते. त्यांचं काही खरोखर कामाचं असेल, लॉट परत बोलावला किंवा लेबल बदललं, तर ते अध्यक्षांना लेखी पाठवतात अन् आम्ही सूचनामध्ये टाकतो.

ज्यांचं स्वतःचं कृषी केंद्रही आहे अन् कंपनीची डिस्ट्रिब्युटरशिपही, त्यांचं कसं? हा प्रश्न खरंच अवघड आहे. ते सदस्य आहेत, त्यांना काढता येत नाही. आमचा तोडगा असा की त्यांनी स्वतःच्या डिस्ट्रिब्युटरशिपच्या मालावर मत देताना "हा माल माझा आहे" हे पहिल्या ओळीत लिहायचं. आतापर्यंत सगळ्यांनी पाळलं.

१०. कृषी खात्याचे साहेब ग्रुपमध्ये आहेत का? अन् "भरारी पथक निघालं" असा मेसेज टाकला तर काय होते?

साहेब कोणत्याच ग्रुपमध्ये नाहीत. त्यांचे आदेश आम्ही घेऊन सूचनामध्ये टाकतो, एवढा संबंध बरा. ते आत असले की माणसं मोकळी बोलत नाहीत, अन् तिकडून आपण जे बोललो ते तपासणीत निघण्याची भीती राहते.

पथकाचा मेसेज टाकायचा नाही. हा नियम केला तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरड झाली. "आपल्याच माणसाला सावध केलं तर काय बिघडलं" हे मी शंभर वेळा ऐकलं आहे. बिघडते असं की ज्याचं रजिस्टर बरोबर आहे, भावफलक लागलेला आहे, मुदत संपलेला माल वेगळा काढून ठेवलेला आहे, त्याला सावध करायची गरजच नसते. सावध होतो तो बोगस बियाणंवाला. अन् त्याच्या एका पाकिटामुळं नाव सगळ्या कृषी केंद्रांचं जाते. शिवाय सरकारी तपासणीत अडथळा आणल्याचा ठपका पूर्ण संघटनेवर येऊ शकते.

त्याच्याऐवजी मे महिन्यात चर्चा ग्रुपवर आपण तपासणीची यादी टाकतो, काय काय रजिस्टर लागते, गोडाऊनचा पत्ता लायसन्सवर चढवला का, पॉस मशीनचा (अंगठा घेऊन खतविक्री चढवायचं मशीन) साठा अन् गोडाऊनमधला साठा जुळतो का. ज्याला अडचण आहे त्याच्या दुकानात दोन सदस्य जाऊन बसतात अन् एका दुपारी सगळं नीट करून देतात. तपासणीत कोणी विनाकारण त्रास दिला तर ते वेगळं, ते तारीख-वेळेसह अध्यक्षांना लिहा.

११. पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, शेतकऱ्याच्या आधारचा फोटो ग्रुपवर टाकून विचारू का?

आधारचा फोटो कधीच नाही. मशीनवर जो एरर आला त्याचा फोटो काढा, त्यात शेतकऱ्याचं नाव-नंबर दिसत असेल तर बोटानं झाका. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा घासलेला असते, दुसरं बोट लावून पाहा, ओला कपडा फिरवून पाहा, नाहीतर मोबाईलवरच्या ओटीपीनं होते का बघा. अंगठा लावल्याशिवाय बॅग देऊन "नंतर चढवतो" हे करू नका, साठा जुळत नाही अन् मग प्रश्न १० मधली दुपार तुमच्या दुकानात लागते.

१२. सगळ्यांनी मिळून ग्रुपवर एकच भाव ठरवला तर? खाली भावात देणाऱ्यानं आमचा धंदा बसवला.

तुमचा त्रास कळतो. बाजूच्या मोठ्या गावात कोणी पाच-पाच रुपयांच्या नफ्यावर माल सोडतो अन् आपल्या खेड्यातलं गिऱ्हाईक तिकडं जाते. पण ग्रुपवर भाव ठरवणं म्हणजे पूर्ण संघटना अडचणीत घालणं. स्पर्धा कायदा २००२, कलम ३, त्यात एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव बांधणं बेकायदेशीर आहे, अन् संघटनेनं घेतलेला ठरावही त्यात येते. मेडिकल दुकानदारांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगानं याच्यासाठी दंड केलेले आहेत. अन् व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं म्हणजे आयताच पुरावा.

एमआरपी ही वरची हद्द आहे. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांच्या वर कोणीच विकू शकत नाही, बीटी कापसाच्या पाकिटाचा भाव केंद्र सरकार दरवर्षी ठरवते, त्याच्या वर एक रुपया घेतला तर लायसन्स जाऊ शकते. पण खाली विकणाऱ्याला संघटना अडवू शकत नाही. म्हणून ग्रुपवर सरकारनं जाहीर केलेले भाव टाकायला पूर्ण मुभा आहे. "उद्यापासून कोणी याच्या खाली देऊ नका" किंवा "या कंपनीचा माल कोणीच उचलू नका" हे दोन्ही मेसेज चालत नाहीत.

लिंकिंगचं विचारतात, म्हणजे युरिया पाहिजे तर सोबत न खपणारा माल घ्या असं वरून लादणं. ते आपण नाइलाजानं पुढं शेतकऱ्यावर लादतो अन् शिव्या आपण खातो. ग्रुपवर चिडून लिहिण्यापेक्षा बिल जपून ठेवा, दोन्ही माल एकाच तारखेचा दिसला पाहिजे, अन् ते अध्यक्षांना द्या. पाच-सहा दुकानांची बिलं एकत्र झाली की जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जाते. एकट्याची तक्रार दबते.

१३. उधारी बुडवणाऱ्यांची यादी ग्रुपवर टाकली तर बाकीचे सावध होतील ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, दिवाळीनंतर तर रोज. उत्तर नाही असंच आहे.

कायद्याचं आधी सांगतो. नाव टाकून बदनामी केली असं शेतकऱ्यानं म्हटलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तक्रार होऊ शकते. यादीचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत त्याच गावात पोचतो, दीडशे लोकांच्या ग्रुपमध्ये काहीच गुपित राहत नाही.

पण खरं कारण कायद्याचं नाही. आपण कोणत्या मुलखात दुकान चालवतो ते आपल्याला माहीत आहे. बोंडअळीनं कापूस गेला, सोयाबीन काढणीला पाऊस आला, बँकेचं पीककर्ज थकलं, सावकार दारात, अन् त्यात आपलं नाव दुकानदारांच्या ग्रुपवर फिरते आहे हे कळलं तर त्या घरात काय होईल? मला नाही पेलवणार ते, अन् तुमच्यापैकी कोणालाच पेलवणार नाही. ज्याला द्यायचं नाही त्याला उधार देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. बाजूच्या गावच्या दुकानदाराला फोन करून विचारलं तर ती तुमची दोघांची गोष्ट. वसुलीचं अवघड झालं असेल तर संघटनेचे दोन ज्येष्ठ तुमच्यासोबत घरी येतात, हप्ते पाडून देतात, कापसाच्या वेचणीनंतरची तारीख धरतात. मागच्या काही हंगामांत अशा बैठकांतून जेवढी उधारी वसूल झाली तेवढी भांडणातून कधीच झाली नाही.

१४. पीएम किसानची एपीके फाइल ग्रुपवर आली आहे, उघडू का?

उघडू नका. पीएम किसान, बँक केवायसी, लग्नपत्रिका, आरटीओ चलान, कशाच्याही नावानं एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर ती फसवणूक आहे. उघडली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात अन् तुमच्याच नंबरवरून तीच फाइल सगळ्या ग्रुपवर जाते. आपल्या एका सदस्याचं असंच झालं, ओळखीचं नाव पाहून अजून तिघांनी उघडली, एकाचे खतासाठी ठेवलेले पैसे गेले.

उघडली असेल तर ताबडतोब इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन करा, बँकेला खातं थांबवायला सांगा, अन् अ‍ॅडमिनला कळवा म्हणजे तुमचा नंबर तेवढ्यापुरता काढून ठेवतो. लाजू नका, जेवढा उशीर तेवढं नुकसान. अन् सगळ्यांनीच आज व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन लावून घ्या, जमत नसेल तर मासिक मीटिंगला फोन घेऊन या, लावून देतो.

१५. "चोर बीटी कोणाजवळ आहे का" असा मेसेज आला तर?

डिलीट, अन् पहिल्याच वेळी सात दिवस बाहेर. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला देशात मंजुरी नाही, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ते बियाणं विकणं बेकायदेशीर आहे. मजुरी महागली अन् निंदण परवडत नाही म्हणून शेतकरी मागतो, ते मला कळते. पण बिनबिलाच्या पाकिटात काय भरलं आहे याची हमी कोणीच देत नाही, उगवलं नाही तर तो कोणाकडे दाद मागणार?

शेतकरी मागतात, त्यांना काय सांगायचं, ही चर्चा मात्र जरूर करा.

१६. एखाद्यानं ग्रुपवर भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिनवर केस होते का?

बाजूच्या तालुक्यातले अ‍ॅडमिन हे घाबरून विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये, आपल्याच विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात, सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. अ‍ॅडमिनचा त्यात हात असला, आधीच ठरवून केलेलं असलं, तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्ही स्वतः तो मेसेज पुढं पाठवला किंवा त्याला शाबासकी दिली तर हा निकाल तुम्हाला वाचवणार नाही.

तरी दिसला की डिलीट करा, अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येते. डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१७. मले ग्रुपमधून काहून काढलं?

बहुतेक वेळा कारण साधं असते, पावती भरली नाही किंवा नंबर बदलला. पावती भरा, त्याच दिवशी परत घेतो. नियम मोडला असेल तर पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा सात दिवस, तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये निर्णय. फोन न करता कोणालाच काढलं जात नाही, अपवाद प्रश्न १४ अन् १५ चे. काढलं तरी तुमचं संघटनेचं सदस्यत्व जात नाही, अन् सूचनामधली परिपत्रकं तुम्हाला पर्सनलवर येतात, कारण विक्री बंदचा आदेश कळणं हा शिक्षा देऊन काढून घ्यायचा विषय नाही.

१८. दोन सदस्यांचं ग्रुपवर भांडण लागलं तर?

दोघांनाही फोन करतो, आधी ज्याचं वय जास्त त्याला. तोवर चर्चा ग्रुप तासभर फक्त अ‍ॅडमिनसाठी करतो. लिहून भांडण कधीच मिटत नाही, माझ्या दुकानात चहाला बसवलं की अर्ध्या तासात मिटते. निवडणुकीच्या दिवसांत पक्षाचं काहीच नको, अध्यक्ष उभे असले तरी नको.

१९. अध्यक्ष बदलले की ग्रुप कोणाचा?

संघटनेचा. म्हणूनच अ‍ॅडमिन तीन असतात, अध्यक्ष, सचिव अन् एक जण जो पदावर नाही. ग्रुप ज्या नंबरवरून उघडला तो संघटनेचा सिम आहे, त्याचा रिचार्ज संघटनेच्या खात्यातून होते अन् फोन सचिवाकडे. एका तालुक्यात जुन्या अध्यक्षांनी रागात सगळ्यांना काढून ग्रुप बंद केला अन् पाच वर्षांची परिपत्रकं गेली, म्हणून आम्ही सूचनामधली प्रत्येक पीडीएफ वर्षाच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवतो.

२०. सदस्य वारले तर त्यांच्या नंबरचं काय करायचं?

लगेच काढत नाही. तेरवी होईपर्यंत नंबर तसाच राहतो, मग घरी जाऊन विचारतो की दुकान पुढं कोण चालवणार. लायसन्स बदलून घेण्याचे कागद संघटना करून देते, तोपर्यंत पोराचा नंबर तात्पुरता घेतो. दुकान बंद करणार असतील तर शिल्लक खत-बियाणं कंपनीला परत करायला किंवा नियमानं दुसऱ्या दुकानाला द्यायला मदत करतो, हंगामाच्या आत, नाहीतर मुदत संपते अन् घरच्यांचा पैसा अडकतो.

जुना नंबर मात्र नंतर काढावाच लागते, कारण सिम बंद पडलं की काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला देते. काढायच्या आधी घरच्यांना सांगतो. मागच्या वर्षी एका काकांचा नंबर काढायचा म्हणून त्यांच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, दादा, नंबर मीच चालू ठेवला आहे, गिऱ्हाइकांना हाच पाठ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉक ग्रुपवर काकांच्या नंबरवरून मेसेज आला: "११ जून, सकाळी ८, २०:२०:०:१३ खत, ४० बॅग, शिल्लक."